हाक न मारता

"सही करणार नाही," मी दारातूनच सांगितलं.

मुल्ला सरांनी पुढं धरलेला कागद खाली घेतला. "अहो, वाचा तरी. तुमच्याविरुद्ध नाही, कंपनीविरुद्ध आहे."

"कुणाच्या का विरुद्ध असेना. मागची एक सही पुरे झाली."

सरांनी चपला काढल्या आणि आत येऊन खुर्चीत बसले. निसार मुल्ला आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. मिरजेतच एका शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले. शालनला जाऊन अडीच महिने झाले होते. या अडीच महिन्यांत बाकीचे लोक जिन्यात भेटले की आवाज खाली आणायचे. सर मात्र आधी बोलायचे तसंच मोठ्यानं बोलायचे, म्हणून मला ते आले की बरं वाटायचं.

"जेवण व्हायचंय?" त्यांनी विचारलं.

"भात लावतोय."

मी तांदळाचा डबा उघडला. डब्यात शालनची एक बारकी वाटी असायची, हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात मिळालेली. ती सपाट एक वाटी तांदूळ, अडीच वाट्या पाणी, तीन शिट्ट्या. आजारपणात तिनंच सांगून ठेवलं होतं. "मला जेवण जात नाही. तुमच्यापुरता लावायचा झाला तर ही वाटी घेत जावा."

"काल आमच्याकडं काय झालं ऐका," सर म्हणाले. "आमच्या पोराला, इरफानला, बघायला मुलीकडचे आलेले. मुलीच्या वडिलांना आमचं वायफाय दिलं. त्यांनी फोन उघडला, वर ही जाहिरातीची पट्टी. टक्कल घालवायचं तेल!"

"तुम्हाला टक्कल आहेच की."

"आहे. पण मला त्याचं दुःख नाही. इरफान बघत बसतो तेलं, दार लावून. सव्वीस वर्षांचा आहे. आता मुलीचा बाप सारखा त्याच्या कपाळाकडं बघायला लागला. पोहे खाईपर्यंत बघत होता."

मला हसू आलं आणि लगेच थांबलं. तेव्हा तसंच व्हायचं.

सर मग जरा गंभीर झाले. "अकरा नंबरचं तर तुम्हाला माहीतच आहे."

अकरा नंबरमधली मुलगी कॉलेजला होती. तिनं घरच्या नेटवर नोंदणी पद्धतीच्या लग्नाची माहिती बघितली, आणि तिच्या वडिलांच्या फोनवर एका वकिलाची जाहिरात यायला लागली. 'कोर्ट मॅरेज, एका दिवसात.' बापानं दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी मुलीला बेळगावला आत्याकडं पाठवलं. तिचं कॉलेज सुटलं.

"ती मुलगी माझी विद्यार्थिनी होती," सर म्हणाले. "म्हणून हा कागद. तुम्ही सेक्रेटरी आहात. पहिली सही तुमची पाहिजे."

"तिची ही गत माझ्याच सहीमुळं झाली, सर."

ही गोष्ट दहा वर्षांपूर्वीची. त्याच्या आदल्या वर्षी 'वेगवती नेट' म्हणून एका कंपनीनं आमच्या सोसायटीपुढं नवी योजना ठेवली होती. सगळ्यांनी मिळून घेतली तर वेग दुप्पट. फॉर्मवर खाली बारीक अक्षरात एक ओळ होती. 'सेवा अधिक आपलीशी करण्यासाठी माझ्या वापराच्या नोंदीस माझी संमती आहे.' लोक म्हणतात बारीक अक्षरातलं कुणी वाचत नाही. मी वाचलं होतं. मी बत्तीस वर्षं वीज मंडळात मीटर रीडर होतो. आमच्याकडं वापर म्हणजे युनिट. महिन्याला किती जळलं तो आकडा. मी चोवीस घरी फिरलो आणि ज्यानं ज्यानं विचारलं त्याला सांगितलं, "काही नाही, वापर म्हणजे किती वापरलं ते. आपल्या लाइटच्या मीटरसारखं. करा सही." माझ्यावर विश्वास ठेवून लोकांनी सह्या केल्या. माझी सही पहिली होती.

भाताची पहिली शिट्टी झाली तेव्हा मी सरांना म्हणालो, "तुमच्या कागदावर सही करतो. पण मला कंपनीकडून एक गोष्ट पाहिजे. ती कशी मागायची ते तुम्ही सांगा."

"काय पाहिजे?"

"शालनच्या फोनवर त्यांनी काय काय दाखवलं, त्याची यादी."

सरांनी का म्हणून विचारलं नाही. पण मला सांगायचं होतं. तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीत शालनच्या पोटात दुखायला लागलं. पाठीतून कळ यायची. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पुढं गेलेला. ऑपरेशनचा उपयोग नव्हता. तीन महिने, फार तर चार, असं म्हणाले. आमची मुलगी रोहिणी हुबळीला दिलेली, ती धावत आली. डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून तिनं आणि मी ठरवलं, आईला सांगायचं नाही. आमच्याकडं असंच करतात. माझ्या वडिलांना सांगितलं नव्हतं, शालनच्या थोरल्या बहिणीला सांगितलं नव्हतं. रिपोर्ट इंग्रजीत होते आणि शालन सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. आम्ही तिला सांगितलं, पित्ताशयाला सूज आहे. गोळ्यांनी उतरेल.

"ही सूज उतरणार कधी हो?" ती विचारायची.

"वेळ लागतो. उतरेल."

दुपारी ती झोपली की मी गॅलरीत कॉम्प्युटर घेऊन बसायचो आणि त्या आजाराचं मिळेल ते वाचायचो. दुखणं कमी कसं करायचं, खायला काय द्यायचं, शेवटी शेवटी काय होतं. वाचून झालं की सगळं पुसून टाकायचो. कसं पुसायचं ते रोहिणीनं शिकवलं होतं. रिपोर्ट माझ्या जुन्या मीटर बुकाच्या पिशवीत ठेवले होते, त्या पिशवीला शालन कधी हात लावत नसे. दोन वर्षांपूर्वी रोहिणीनं तिला फोन घेऊन दिला होता. त्यात ती लोणच्याबिणच्याचं बघायची, मराठीत टाइप करायलाही शिकली होती. मी म्हणायचो, चाळीस वर्षं स्वयंपाक करतेस, आता कसली रेसिपी बघतेस? ती म्हणायची, लोक काय काय चुका करतात ते बघते.

पुढंपुढं ती 'कधी उतरणार' असं विचारायची बंद झाली. संध्याकाळची गोळी दिली की नुसतं विचारायची, "उतरतेय न सूज?"

"उतरतेय."

"मग ठीक," म्हणायची आणि डोळे मिटायची.

जूनमध्ये ती गेली. तेराव्याला जमलेले सगळे पाहुणे निघून गेल्यावर मी तिचा फोन चार्ज केला. ती काय बघायची ते बघावं वाटलं, दुसरं काही नाही. कैरीच्या लोणच्याचं एक पान तिनं खूण करून ठेवलं होतं, ते उघडलं. लोणच्याच्या वर पट्टी आली. लाल पट्टी, पांढरी मराठी अक्षरं.

'कॅन्सरच्या रुग्णाची घरच्या घरी सेवा. शेवटच्या दिवसांत अनुभवी नर्स. येथे दाबा.'

गॅलरीत बसून मी जे वाचत होतो ते मी माझ्या मशीनवरून पुसत होतो. कंपनीनं त्याची नोंद वायरवरच घेतली होती. घराला वायर एक. त्यांच्या हिशेबी घर कॅन्सरचं होतं, म्हणून घरातल्या सगळ्या फोनवर त्यांनी कॅन्सरची पट्टी लावली.

मी तिच्या फोनमधली आधीची पानं शोधली. तिथं काही नव्हतं. तिनं पुसलं होतं, की तिथं कधी काही साठलंच नव्हतं, कळायला मार्ग नव्हता. पुसायचं कसं ते रोहिणीनं तिलाही शिकवलं असणार.

"मला एवढंच कळलं पाहिजे, सर," मी म्हणालो. "तिला कळलं होतं का. मी चार महिने तिच्याशी खोटं बोललो, ते ती जाईपर्यंत तिला खरं वाटत होतं का. बस्स."

सरांनी चष्मा काढून पुसला. "आणि कळलं असेल तर?"

"तर ती एकटीच होती म्हणायची."

कुकरच्या तीन शिट्ट्या कधीच होऊन गेल्या होत्या. सर उठले आणि त्यांनी गॅस बंद केला.

अर्ज सरांनीच लिहून दिला. मी तो घेऊन वेगवतीच्या मिरजेतल्या ऑफिसात गेलो. तिथला मॅनेजर अभिनंदन चौगुले माझ्या ओळखीचा. आमच्या इमारतीत वायर ओढायला तोच आला होता. तीन दिवस शालनच्या हातचं जेवलेला.

"काका, हे मिळत नाही ओ," तो म्हणाला. "ते सगळं पुण्यात असतंय."

"असतंय म्हणजे आहे."

"आहे, पण ते नावानं नसतंय. उपकरण एक, उपकरण दोन असं असतंय."

"आमच्याकडं उपकरण दोन कोण आहे, तुला माहिती आहे."

तो टेबलाकडं बघत राहिला. "काकूंचं ऐकून लई वाईट वाटलं," म्हणाला.

"तिच्या फोनवर काय लावलं होतंत ते दे. मग वाईट वाटून घे."

तीनदा अर्ज केला. तीनदा उत्तर आलं की वैयक्तिक गोपनीयतेच्या धोरणामुळं माहिती देता येत नाही. ते पत्र सरांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, "कुंभोजकर, गणितात याला काय म्हणतात माहितीये का? काही म्हणत नाहीत. गणितात असला निर्लज्जपणा नसतो."

रोहिणीला यातलं काही पसंत नव्हतं. ती फोनवर म्हणायची, "बाबा, कशाला उकरून काढताय? आईला काही माहीत नव्हतं. शेवटच्या आठवड्यात माझ्याशी दिवाळीच्या फराळाचं बोलत होती."

"मग यादी आली तरी काय बिघडतंय?"

यावर ती विषय बदलायची. तिनंही ते खोटं माझ्याइतकंच सांभाळलं होतं. हुबळीहून दर रविवारी फोन करून, "काय गं आई, सूज कशी आहे?" असं विचारलं होतं.

इकडं सरांच्या कागदावरच्या सह्या वाढत गेल्या. आमच्या सोसायटीचं बघून शेजारच्या दोन सोसायट्या आल्या, मग नदीवेसपर्यंतचे लोक आले. एका बाईंनी सांगितलं, सातवीतल्या मुलाच्या अभ्यासाच्या पानावर कसल्या कसल्या गोळ्यांची पट्टी येते. एक पेंटर म्हणाला, त्यानं दारू सोडायचं केंद्र शोधलं, तर घरी आलेल्या गिऱ्हाइकाला स्वतःच्या फोनवर रंगाचे नमुने दाखवताना वर तीच पट्टी. ऑक्टोबरात कंपनीनं कळवलं की पुण्याहून अधिकारी येऊन लोकांशी बोलतील. सरांनी त्यांच्या जुन्या शाळेचा हॉल मिळवला.

दोनशेवर माणसं जमली होती. अधिकारी एक बाई होत्या, सरपोतदार नावाच्या, पस्तिशीच्या. आवाज गोड होता. शेजारी अभिनंदन फाइल घेऊन बसला होता.

"आम्ही कुणाचं नाव बघत नाही," त्या म्हणाल्या. "माणूस बघतच नाही. मशीन बघतं."

"मग मशीनलाच तेल विका की!" मागून कुणीतरी ओरडलं. लोक हसले. इरफान मान खाली घालून बसला होता.

"आणि जाहिराती नको असतील तर तसा अर्ज करता येतो."

"कुठं?"

"आमच्या वेबसाइटवर."

"म्हणजे तेही बघणार!" पेंटर म्हणाला.

बाई हसल्या. चिडल्या नाहीत. "मी एक सोपं उदाहरण देते. तुमच्या घरी लाइटचं मीटर असतं. दर महिन्याला कोणीतरी येऊन ते वाचून जातं. त्याच्यावर तुम्ही कधी चिडता का? आमचं तसंच आहे. आम्ही फक्त मीटर वाचतो."

आमच्या सोसायटीची चोवीस घरं एकदम माझ्याकडं वळून बघायला लागली. वर्षापूर्वी हे उदाहरण मीच त्यांना दिलं होतं.

सर पुढून म्हणाले, "कुंभोजकर, उठा. हा तुमचा विषय."

मला दोनशे माणसांपुढं बोलायची सवय नव्हती. उठलो आणि पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"मी मीटर वाचायचो, ताई. बत्तीस वर्षं. मिरज, मालगाव, बेडग, आरग. मीटरवर आकडा असतो. दोनशे दहा युनिट. त्यात दिव्याचं किती आणि पंख्याचं किती ते नसतं. दिवा कशासाठी लावला होता ते तर नसतंच."

"बरोबर आहे काका, आमचंही..."

"थांबा जरा. दुसरं सांगतो. आमच्या वेळी मीटर घराच्या आत असायचं. कुणाचं स्वयंपाकघरात, कुणाचं न्हाणीच्या भिंतीला. आम्हाला साहेबांनी पहिल्या दिवशी मीटर वाचायला शिकवलं नाही. हाक मारायला शिकवलं. दारात उभं राहायचं, 'लाइटवाला!' म्हणून मोठ्यानं हाक मारायची, आणि थांबायचं. आत बाई अंघोळीला गेली असेल, नवरा-बायकोचं भांडण चाललेलं असेल, कुणी रडत असेल. त्यांना आवरायला वेळ द्यायचा. 'या' म्हटलं की मग आत. आत गेल्यावर जे दिसलं ते मीटर बुकात लिहायचं नाही. बत्तीस वर्षांत हाक न मारता मी कुणाच्या घरात गेलो नाही."

मी खुर्चीची पाठ सोडली.

"तुम्ही हाक मारली नाही," मी म्हणालो.

"सही घेतली होती की, काका. संमती होती."

"माझीच सही आहे. या चोवीस घरांच्या सह्यापण मीच घेतल्या. तुम्ही त्यात वापर असा शब्द लिहिला होता. वापर म्हणजे युनिट असं मी समजलो, आणि सगळ्यांना तसंच सांगितलं. ती चूक माझी. मी सगळ्यांची माफी मागतो." अकरा नंबरचे गृहस्थ तिसऱ्या रांगेत होते. मी त्यांच्याकडं बघितलं. ते खाली बघत होते.

सर म्हणाले, "मॅडम, या माणसानं तीनदा अर्ज केलाय. स्वतःच्या घरची नोंद मागितलीय. ती यांनाच गोपनीय आहे म्हणता. ही कुठली रीत?"

बाईंनी अभिनंदनकडं हात केला. त्यानं फाइलमधून एक पाकीट काढलं, पण लगेच पुढं केलं नाही. बाईंनीच ते त्याच्या हातातून घेतलं.

"आज आम्ही ती आणली आहे. आमच्याकडं लपवण्यासारखं काही नाही, हे सगळ्यांना कळू दे. मी स्वतः नजर टाकलीय. पाककृती आहेत बहुतेक." थोडे लोक हसले. "हवं तर मोठ्यानं वाचून दाखवा, काका. म्हणजे सगळ्यांचीच शंका फिटेल."

मी पाकीट घेतलं. आत दोन कागद होते. मराठीत होते, छापलेले. तारीख, वेळ, पान, जाहिरात. मी उभ्यानंच वाचले. मला वाचायला वेळ लागतो. पहिला कागद झाला, दुसरा झाला, मग पहिला परत वाचला.

"वाचा की, काका!" मागून आवाज आला.

"मोठ्यानं वाचा!"

सर माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "काही असेल तर वाचा, सदाभाऊ. आत्ता वाचलं तर यांना इथंच थांबवता येईल." एवढ्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच मला सदाभाऊ म्हटलं.

ते म्हणत होते ते खरं होतं. नुसतं वाचलं असतं तरी झालं असतं. मी कागदांची घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"वाचणार नाही," मी म्हणालो. "यात जे आहे ते माझ्या बायकोनं मला सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षांचा संसार होता आमचा, तरी सांगितलं नाही. तिचं काहीतरी कारण असेल. ती कशामुळं गेली ते इथं बऱ्याच जणांना माहीत आहे. तिला आम्ही ते सांगितलं नव्हतं." मी खिशातल्या कागदांवर हात ठेवला. "तिनं मला सांगितलं नाही ते यांना मार्चपासून माहीत होतं. आणि या ताई म्हणतात, पाककृती आहेत."

मी खाली बसलो.

सरपोतदार बाईंनी माइक टेबलावर ठेवला. अभिनंदननं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. मग तिसऱ्या रांगेतले अकरा नंबरचे गृहस्थ उठले, टेबलापाशी गेले आणि म्हणाले, "आमची वायर काढून न्या. आजच." त्यांच्यामागं पेंटर गेला. मग रांगच लागली.

सर मला घरापर्यंत सोडायला आले. फाटकाशी थांबून त्यांनी विचारलं, "मला तरी सांगणार का?"

"नाही, सर."

"बरं," ते म्हणाले आणि जिना चढून गेले.

दोन महिन्यांत कंपनीनं मिरजेतली ती योजना बंद केली. पट्ट्या गेल्या. आम्ही जिंकलो असं लोक म्हणाले, शाळेच्या हॉलमध्ये पेढे वाटले. आता फोन बघितला की मला वाटत नाही आम्ही काही जिंकलो. आता तर कुणी सहीसुद्धा मागत नाही. अकरा नंबरची मुलगी बेळगावहून परत आली नाही, तिकडंच तिचं लग्न लावलं. सर चार वर्षांपूर्वी वारले.

त्या संध्याकाळी घरी आलो आणि स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली कागद परत उघडले.

नऊ मार्चला ती लाल पट्टी उपकरण दोनवर पहिल्यांदा दाखवली होती. दहाला दोनदा. अकराला, बाराला, तेराला एकेकदा. प्रत्येक ठिकाणी पुढं लिहिलं होतं, 'दाबली नाही.' सहा वेळा तिनं ती बघितली आणि सोडून दिली. चौदा मार्च, दुपारी तीन वाजून आठ मिनिटं, 'दाबली.' त्या वेळी मी गॅलरीत असणार. मधे एक भिंत होती.

तीन वाजून नऊ मिनिटांनी पान, 'पोटात दुखणे, पाठीत कळ, कोणता कॅन्सर.' तीन वाजून अकरा मिनिटांनी पान, 'स्वादुपिंडाचा कॅन्सर, लक्षणे.' तेच पान संध्याकाळी परत. त्यानंतर दोन दिवस काहीच नव्हतं. ते दोन दिवस मला आठवतात. ती म्हणाली होती, डोळे दुखतात, फोन नको. सतराला पान, 'गॅस बुकिंगचा मोबाइल नंबर बदलणे.' त्याच आठवड्यात तिनं बुकिंग माझ्या नंबरवर करायला लावलं होतं. म्हणाली होती, माझा फोन सारखा अडकतो.

अठरा मार्चपासून नुसत्या पाककृती. 'एका व्यक्तीसाठी भात, तांदूळ व पाण्याचे प्रमाण.' 'एका व्यक्तीसाठी वरण.' 'लहान कुकर, शिट्ट्या किती.' भाताचं पान तिनं पाच वेळा उघडलं होतं. आधी तिच्या माहेरी अकरा माणसं, मग आमच्याकडं सात, मग तीन, मग दोन. तिनं जन्मात एका माणसाचा भात लावला नव्हता. तिलासुद्धा बघावं लागलं.

चौदा मार्च ते एकोणीस जून, रोज संध्याकाळी तिनं मला सुजेचं विचारलं होतं.

मी डब्यातली बारकी वाटी घेतली, तांदूळ धुतले, कुकर लावला. रोहिणीचा फोन आला.

"काय झालं बाबा मीटिंगमध्ये? यादी मिळाली?"

"मिळाली."

"काय आहे त्यात?"

"भात. तुझी आई भाताचं बघत होती."

"भात? आईला भाताचं बघायची काय गरज?" तिला हसू आलं. ते मधेच थांबलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे तिला काही कळलं नव्हतं. हो न?"

कुकरची तिसरी शिट्टी होत होती. ती संपेपर्यंत मी थांबलो.

"नाही," मी म्हणालो. "काही नाही."

"मग ठीक," रोहिणी म्हणाली.

अगदी आईसारखं म्हणाली. मी गॅस बंद केला.